वायरींना हात लावू नये

क्लीव्हलँड, ८ फेब्रुवारी १९७०

सिरिल यास,

पत्र कामापुरतं आहे. आईची पत्रं आणि तिनं भाजलेली अक्रोडाची पोतित्सा तुला मिळत असणारच. तेव्हा बर्फ किती पडला, कुणाचं लग्न ठरलं आणि कुणाचं मोडलं, हे मी वगळतो.

काल तुझे प्रोफेसर ट्रंबुल आले होते. पायपुसण्यावर इतका वेळ बूट घासत होते की मला वाटलं, काहीतरी मागायला आलेत. मागायलाच आले होते. एप्रिलात त्यांना जाहीर कार्यक्रम करायचाय. बंद खोलीत टेपला एकेक सूर चिकटवत बसायचं नाही, लोकांसमोर बसून, हातानं, तिथल्या तिथे वाजवायचं. तीन सिंथेसायझर, तीन माणसं. एक ते स्वतः, दुसरी तुझी ती मैत्रीण नेल, तिसरा तू. तू सरोवराच्या पलीकडे, कॅनडात असल्यामुळे निदान तुझं यंत्र तरी द्या, म्हणाले.

मी त्यांना तळघरात नेलं. जानेवारीत तू टोरांटोला गेलास तेव्हा यंत्रात ज्या वायरी खोचून गेलास त्या तशाच आहेत. एक लाल वायर तेवढी अर्धवट लोंबते. तिचं एक टोक खोचलेलं, दुसरं हवेत. प्रोफेसर म्हणाले, "छान, छान. हे सगळं आधी काढून टाकू," आणि हात पुढे केला.

"हात मागे घ्या," मी म्हणालो.

माणूस भला आहे. त्यानं हात खिशात घातला.

या यंत्राला आठवण नसते, हे तूच मला एकदा जेवताना सांगितलं होतंस. कुठली वायर कुठे जाते आणि कुठलं बटण किती वळलंय, तेवढाच त्याचा सूर. वायरी उपटल्या की सूर गेला, मग देवाला बोलावलंत तरी तोच परत येत नाही. त्यावर मी म्हणालो होतो की माझ्या अकॉर्डियनला सगळं आठवतं, आणि शिवाय त्याला फुप्फुसं आहेत. तू ताट उचलून गेला होतास.

असो. यंत्र तुझं आहे, दोन उन्हाळे तारेच्या कारखान्यात खपून घेतलेलं. वायरीही तुझ्या. तेव्हा 'काढा' किंवा 'ठेवा', एवढं एका कार्डावर कळव. त्याहून जास्त लिहायची तसदी घेऊ नये.

आई म्हणते, "रविवारी चार वाजता त्याचा फोन येतोच की. तेव्हा विचारा." रविवारी मला गॅरेजमध्ये काम असतं.

सैन्यभरतीच्या कचेरीतून तुझ्या नावानं आणखी दोन पाकिटं आलीत. न उघडता पावाच्या डब्यामागे ठेवली आहेत.

यांको पोगाचार
(तुझा बाप. पूर्ण नाव लिहिलंय, कारण तुला हल्ली सरकारी पत्रांची सवय असेल.)


१ मार्च

सिरिल,

कार्ड आलं नाही. कॅनडाचं टपालखातं फार सावकाश काम करतं असं ऐकून आहे.

दरम्यान नेल येऊन गेली. ही पोरगी तू एकदाही घरी आणली नव्हतीस, ते बरंच केलंस, कारण आईनं तिला बसवून चार वेळा वाढलं आणि आता ती दर गुरुवारी येते. तिनं तुझ्या यंत्राचं एक मोठं चित्र काढलं, कुठली वायर कुठून कुठे. मी म्हटलं, "झालं तर मग. चित्र आहे, आता खुशाल काढा."

ती म्हणाली, "मिस्टर पोगाचार, पोतित्साची कृती कागदावर लिहिली तर ती तुमच्या बायकोसारखी होईल का?"

"माझ्या बहिणीनं तीस वर्षं प्रयत्न केलाय. नाही होत."

"हेही तसंच आहे. बटण केसाएवढं इकडेतिकडे झालं की आवाज दुसरा." मग तिनं लाल वायरीकडे बोट केलं. "आणि ही? ही निसटलीय, की तो कुठेतरी खोचणार होता आणि राहिली?"

मी कारकून आहे का तुझा? मला काय ठाऊक!

तिनं वीज सुरू केली. मी वर निघालो होतो, पण जिन्यात दिवा नव्हता म्हणून थांबलो. सूर असा काही नव्हताच. आधी नुसता वारा, सावकाश भरत जाणारा, मग एक बारीकशी कट्ट, आणि तोच वारा सावकाश ओसरत जाणारा. परत कट्ट. परत भरणं. नेल म्हणाली की यात यंत्रातले सूर काढणारे भाग वापरलेलेच नाहीत, नुसती खरखर गाळून घेतलीय आणि तिला हळूहळू कमी-जास्त केलंय. मी म्हणालो, "पाणी तापवायचा बंब बिघडला की असाच आवाज येतो."

तेवढ्यात आई जिन्यातून खाली आली. हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. म्हणाली, "अहो, हा तुमच्या अकॉर्डियनचा भाता आहे."

मी म्हणालो, "बंब."

"तीस वर्षं शनिवारी रात्री मी तुम्हाला पेटी उघडताना ऐकतेय. सूर धरायच्या आधी तुम्ही रिकामा भाता ओढता. आणि वळताना तो असाच कट्ट करतो. दुरुस्त करा म्हणून सांगून थकले."

मी बंबाची झडप तपासली. ती ठीक होती.

प्रोफेसरांना तिसरं माणूस मिळत नाहीये. ज्यांना वायरी कळतात त्यांना पट्ट्या वाजवता येत नाहीत, आणि ज्यांना पट्ट्या येतात ते वायरी बघून घरी जातात. त्यांनी मला विचारलं. मी हसलो. ते हसले नाहीत. शेवटी मी हो म्हणालो, एका अटीवर: सरावाला नेलचं जादा यंत्र घ्यायचं, तुझ्या वायरी तुझा निरोप येईपर्यंत तशाच. मी पुठ्ठ्याची पाटी करून तुझ्या यंत्राला टांगली आहे: 'वायरींना हात लावू नये.'

तुझ्या जागेवर बसलोय असं समजू नकोस. खुर्ची रिकामी होती, इतकंच. त्या दिवशी स्वयंपाकघरात जे बोलणं झालं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही. व्हिएतनामबद्दल तुझं मत तुला, माझं मला.

कार्ड टाक.

तुझा बाप


२२ मार्च

सिरिल,

अजून काही नाही. हरकत नाही. मी तुला विद्वानांची एक गंमत सांगतो.

परवा प्रोफेसरांच्या कॉलेजात आमची रंगीत तालीम झाली, व्यायामशाळेत. लाकडी जमीन खराब होते म्हणून तिथल्या खेळाच्या मास्तरांनी सगळ्यांना बूट काढायला लावले. तेव्हा भविष्यकाळाचं संगीत आम्ही मोजे घालून वाजवलं. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. भविष्यकाळाला ते पहिल्या रांगेतून दिसत होतं.

हे यंत्र वाजवणं म्हणजे काय, ते मी आता तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं, तरी सांगतो. पट्टी दाबावी तर एका वेळी एकच सूर. दोन बोटं ठेवली तरी एकच. अकॉर्डियनवर माझी दहा बोटं काम करतात; इथे नऊ बोटं पगारी रजेवर. एक तुकडा संपला की दुसऱ्यासाठी सगळ्या वायरी उपटायच्या आणि नव्या खोचायच्या. तोवर लोक खोकतात, मग बोलतात, मग घड्याळ बघतात. प्रोफेसर त्यांना विजेचा इतिहास सांगत होते. दोघं जण उठून गेले. नेल मला म्हणाली, "तुम्ही पेटी आणलीय ना गाडीत? वाजवा काहीतरी, देवासाठी." मी एक पोल्का वाजवली, लग्नात नाचतात ती. सबंध कार्यक्रमातली पहिली खरी टाळी तिला पडली. प्रोफेसरांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण माणूस प्रामाणिक. आता दर वेळी वायरी बदलेपर्यंत मी पेटी वाजवायची, असं ठरलंय.

गंमत पुढेच आहे. आम्ही तिघं सकाळपासून यंत्रं सुरात लावत होतो. थंडगार, रिकामी शाळा. संध्याकाळी यंत्रं अशी जुळली की प्रोफेसरांचे डोळे भरून आले. मग दारं उघडली, माणसं आत आली, कोट काढून बसली, आणि हवा तापली. हवा तापली तशी यंत्रं सरकली. आणि सरकली तीही एकमेकांना न विचारता, प्रत्येक आपापल्या दिशेला. बाखची रचना होती. ऐकताना वाटत होतं की तीन भाऊ वाटणीसाठी भांडतायत. इतकी शिकलेली माणसं, पण श्रोता हा प्राणी उबदार असतो, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तीस वर्षं तापलेल्या हॉलांत लग्नं वाजवली आहेत.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वर्तमानपत्रात छापून आलं की सुरांपासून फारकत घेण्याचं धैर्य फक्त या तिघांत आहे. कात्रण पाठवू का?

उपाय आईनं काढला. एप्रिलचा कार्यक्रम आपल्या स्लोव्हेनी लोकांच्या हॉलात आहे, सेंट क्लेअर रस्त्यावर. ती म्हणाली, "माणसं आल्यावर बिघडतं ना? मग माणसं आधी आणून बसवा आणि नंतर सुरात लावा." चर्चच्या महिला मंडळाच्या बायका दुपारी तीनपासून विणकाम घेऊन बसणार आहेत. प्रोफेसर त्यांना 'उष्णतेचा भार' म्हणतात. कोटनिकबाईंनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, "चूल." त्या म्हणाल्या, "आयुष्यभर तेच केलं. इथे निदान बसून करायचंय."

नेलचं जादा यंत्र उसनं होतं, ते परत द्यायचंय; आता मात्र तुझं यंत्र लागणार. जेमतेम चार आठवडे उरलेत. मी आतापर्यंत दोनदा विचारलंय. बापानं मुलाला एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारू नये असं माझं मत होतं. काढू की ठेवू?

तुझा बाप


१७ एप्रिल, शुक्रवार

सिरिल,

तुझ्याकडून काहीच आलं नाही, म्हणून मी ठरवून टाकलं. वायरी ठेवायच्या. यंत्र जसंच्या तसं हॉलात न्यायचं, कार्यक्रमाची सुरुवात तुझ्या आवाजानं करायची, तू ठेवलास तसा, काहीही न बदलता. मग लोकांसमोर मी स्वतः वायरी काढीन आणि पुढचा तुकडा लावीन. एकदा तो चार लोकांच्या कानावर पडला म्हणजे माझी जबाबदारी संपली.

पण हलवायचं कसं? एक हिसका बसला की बटणं सरकणार. या रस्त्यावर सगळ्यात मऊ चालणारी गाडी कुणाची? ब्राटुशची. त्याची गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत, पण नातेवाईक मागे बसून बघत असतात, त्यामुळे गाडी लोण्यासारखी चालते. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "शुक्रवारी दुपारी कुणी नाहीये माझ्याकडे. आण."

आज दुपारी त्याची काळी शववाहिका आपल्या दारात लागली. ब्राटुश, त्याचा भाऊ, मी आणि नेल, चौघांनी यंत्र उचललं. वायरी हलू नयेत म्हणून आईनं त्यावर पांढरी चादर घातली होती. तळघरातून वर आणून आम्ही दारापुढच्या पायऱ्या एकेक करून उतरलो, कुणी बोलत नव्हतं. बोललो असतो तर हात हलले असते.

मी समोर बघितलं तेव्हा खाटकाच्या दुकानाबाहेरच्या माणसांनी टोप्या काढल्या होत्या. मला आधी कळेना. मग रस्त्यापलीकडे होचेवारबाई दिसल्या. त्यांचा मुलगा टोनी तिकडे व्हिएतनामात आहे, डा नांगला. त्या रस्ता न बघता ओलांडून आल्या. अंगावर कोट नव्हता. आईचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "कधी कळलं गं? मला का नाही बोलावलंस?"

आई म्हणाली, "नाही, नाही. सिरिल ठीक आहे. हे त्याचं वाद्य आहे. वाद्य."

होचेवारबाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "वाद्याला चादर कशाला घालता रे मेल्यांनो!" आणि मला दंडावर एक चापट मारली. जोरात मारली.

पाच वाजेपर्यंत सांत्वनाचं म्हणून दोन घरांतून पोतित्सा आणि एका घरातून भाजलेलं डुकराचं मांस आलं. आई सगळ्यांना सांगत होती, मुलगा जिवंत आहे, टोरांटोत रेडिओ दुरुस्त करतो. ती हे वाक्य रस्त्यावर उभं राहून, मोठ्यानं, पहिल्यांदाच बोलली. आजवर 'शिकायला गेलाय' असं चालत होतं. ते मीच सुरू केलं होतं.

आजच चंद्राकडे गेलेले ते तिघं समुद्रात उतरले. यान बिघडल्यामुळे चंद्रावर पाय न ठेवताच परत आले, तरी चर्चची घंटा वाजली. ब्राटुशनं गाडीतला रेडिओ लावला होता. म्हणाला, "काम न करता परत आले, तरी लोक रडतायत बघ आनंदानं."

मी म्हणालो, "गाडी हळू चालव."

तुझा बाप


१९ एप्रिल, रविवार

सिरिल,

तुझा आवाज गेला. आधी तेच सांगून टाकतो.

काल तीन वाजता बायका आल्या, विणकाम, थर्मास आणि ताज्या तळलेल्या गोड क्रोफींनी भरलेली टोपली घेऊन. हॉल तापला. साडेपाचपर्यंत तिन्ही यंत्रं जुळली. तुझं मी एकदाच सुरू करून बघितलं. वारा भरला, कट्ट, वारा ओसरला. सगळं जागच्या जागी होतं. मी शर्ट बदलायला खाली गेलो. प्रोफेसर सॉसेज खायला गेले. नेल तिकिटांपाशी होती.

परत आलो तर कोटनिकबाई तुझ्या यंत्रासमोर हात झटकत उभ्या. शेजारच्या खुर्चीवर सगळ्या वायरी ठेवलेल्या, प्रत्येकीची छान गुंडाळी, रंगांप्रमाणे लावलेली.

"यांको," त्या म्हणाल्या, "काय पसारा करून ठेवला होता रे कुणीतरी! तीन तास समोर बसून बघवेना मला. बघ आता कसं दिसतंय."

"बाई, पाटी नाही दिसली?"

"दिसली की. इंग्रजीत होती. मला वाटलं, कंपनीचं नाव."

चाळीस वर्षं त्या या देशात आहेत आणि एकदाही त्यांना इंग्रजीची गरज पडली नाही. या रस्त्यावर कुणालाच पडत नाही. पाटी मीच लिहिली होती. स्लोव्हेनीत लिहायचं मला सुचलं नाही, कारण ती मी प्रोफेसरांसाठी लिहिली होती. अडाणी माणसं नासधूस करतील अशी भीती मला वाटलीच नव्हती. मला भीती होती विद्वानांची.

मी त्यांना 'थँक यू' म्हणालो. मग खुर्ची ओढून बसलो.

नेलनं आपलं चित्र आणलं. पटापटा वायरी खोचल्या. वीज सुरू केली. वारा आला, पण तो वाराच होता, छपरावरून जाणारा. बटणं फिरवली. आगगाडी झाली. मग आगगाडीचा कुत्रा झाला. खाली दार उघडलं होतं आणि माणसं जिना चढत होती. नेल रडायच्या बेतात. म्हणाली, "मला कसा होता ते आठवतच नाहीये. तुम्हाला आठवतंय?"

मी अकॉर्डियन गळ्यात घातलं. एकही पट्टी न दाबता, हवेची कळ धरून, भाता उघडला. सावकाश, शनिवारी करतो तसा. वळताना तो कट्ट झाला. मग मिटला. नेल माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, "बघू नकोस. फिरव."

तर असं झालं. मी भाता ओढायचा, तिनं ऐकायचं आणि बटण केसभर सरकवायचं. मी परत ओढायचा. लोक येऊन बसत होते. कुणीतरी दिवे मंद केले. बायकांच्या सुया थांबल्या. प्रोफेसर तोंडाला सॉसेजची मोहरी लावून दारात उभे होते, आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम त्यांनी केलं: ते काही बोलले नाहीत.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एका क्षणी मी भाता मिटला तरी श्वास चालूच होता. यंत्रातून. मी परत उघडला तर दोन्ही बरोबर भरत गेले आणि बरोबर ओसरले. आईचं म्हणणं खरं निघालं. हे तिला कळवू नये.

फक्त कट्ट नव्हती. वळणावर माझी पेटी कट्ट करायची आणि यंत्र नुसतंच वळायचं. नेल लाल वायर हातात धरून उभी राहिली. चित्रात तिचं एकच टोक खोचलेलं आहे. माझ्या मते ती वायर निसटलेलीच होती, तरी तुझ्या यंत्रात कट्ट होत होती, कशी ते देव जाणे. नेलच्या मते ती लोंबती वायर म्हणजे तुझा पुढचा बेत होता. तिनं चार भोकांत खोचून बघितली. एकात काहीच झालं नाही, दोनांत किंचाळी, चौथ्यात हॉलातले दिवे फडफडले. मग तिनं ती परत तशीच सोडली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा पहिला तुकडा. होचेवारबाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांनी नाही वाजवल्या. मध्यंतरात मला म्हणाल्या, "ते पहिलं पुन्हा वाजवतोस का?" मी म्हणालो, होत नाही, आता वायरी काढल्या. त्यांनी मान हलवली आणि क्रोफी घेतली.

बाकी कार्यक्रम ठीक झाला. पोल्का तीन झाल्या. बाख सुरात होता, चुलींची कृपा.

आज सकाळी यंत्र परत तळघरात आणलं, ब्राटुशच्याच गाडीतून. या वेळी कुणी टोपी काढली नाही. एकानं हॉर्न वाजवला. मी नेलच्या चित्रावरून वायरी परत खोचून ठेवल्या आहेत. लाल वायर लोंबती ठेवली आहे. ती कुठे जाणार होती हे चित्रातून कळत नाही आणि तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी आणखी एक पत्र, मग त्याची वाट, मग कॅनडाचं टपालखातं, हे काही शहाणपणाचं नाही, असं आता मला वाटतं. दुसरं काही विचारायचं नाहीये.

चार वाजायला आले. गॅरेजमध्ये आज विशेष काम नाही. हे पत्र मी फोनशेजारच्या स्टुलावर बसून लिहितोय, कारण इथे उजेड बरा पडतो.

फोन वाजतोय.

आई उचलत नाहीये. स्वयंपाकघरातून ओरडून सांगतेय, "तुम्हीच घ्या, माझे हात पिठात आहेत." मला इथून ती दिसते. टेबलावर पीठ नाही. हात तिनं पाठीमागे धरलेत.